भिंतीतला रिकामा पाइप

मी चर्चच्या भिंतीतला पाइप बोलतोय. शोधू नका, दिसणार नाही. व्यासपीठाजवळून निघून मी भिंतीच्या आतून मागच्या माळ्यावर जातो. तिथे आवाजाची आणि चित्रीकरणाची यंत्रं आहेत. माझ्या पोटात मात्र एका तारेशिवाय काही नाही.

इमारत उभी राहत होती तेव्हा वायरमनने मला बसवलं. बाकीच्या पाइपांतून माइकच्या वायरी गेल्या, मला त्याने रिकामं ठेवलं, आत फक्त एक तार सोडली.

"याचं काय काम?" पाळकांनी विचारलं.

"आज काहीच नाही, साहेब. उद्या मंडळी वाढेल, कॅमेरे येतील. तेव्हा या तारेला केबल बांधायची आणि ओढून घ्यायची. तहान लागल्यावर विहीर कशाला खणायची?"

मला केवढा अभिमान वाटला! सगळे आजच्या कामाचे, मी एकटा उद्याचा.

पुढे रंगकाम निघालं. माझी उघडी तोंडं समितीला खटकली. वायरमनने ती बुजवून दिली.

"खूण ठेवू का?" रंगाऱ्याने विचारलं.

"कशाला? माझ्या डोक्यात आहे की सगळं."

माणसं डोक्यावर फार विसंबतात बुवा.

काही वर्षांनी वायरमनला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. त्याची बायको त्याआधीपासूनच अंथरुणाला खिळलेली. अशांना घरबसल्या उपासना दिसावी म्हणून चर्चने कॅमेरा घेतला. ते काम पाळकांची सून बघायची. व्यासपीठाजवळच्या कॅमेऱ्याची केबल तिने मधल्या वाटेने जमिनीवरून माळ्यापर्यंत नेली आणि वर चिकटपट्टी मारली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पहिल्या बाकावर बसलेला वायरमन हात उचलून भिंत दाखवत राहिला. तोंडातून नुसती घरघर.

"काकांना उकडतंय वाटतं. पंखा वाढवा जरा," सून म्हणाली.

पंखा वाढवला. वायरमन रडायला लागला, तेव्हा त्याला घरी पोहोचवलं. मला तर ओरडावंसं वाटत होतं, पण माझं तोंड त्यानेच बुजवलेलं.

मग तो दवाखान्यातच गेला आणि पेटी तिथून थेट चर्चमध्ये यायची होती. बायकोला चर्चमध्ये आणणं शक्यच नव्हतं. तिने पाळकांच्या सुनेला सांगून ठेवलं होतं, "त्यांचा चेहरा तेवढा शेवटचा दाखव गं."

सुनेने कॅमेरा शवपेटीवर लावला. चित्र नीट जातंय हे पाहून तीही अंत्यदर्शनाच्या रांगेत उभी राहिली. त्याच गर्दीत कुणाचा तरी पाय अडकला आणि केबल निसटली. कुणाच्याच लक्षात आलं नाही. पेटीचं झाकण लागलं, पेटी बाहेर गेली.

सून केबल गुंडाळायला मागे राहिली होती. फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून तिने स्पीकर लावला.

"अगं, इथे मघापासून काळोखच आहे. उघडायची आहे ना पेटी अजून?"

सुनेने केबलचं निसटलेलं टोक हातात घेऊन पाहिलं. ती तिथेच खाली बसली.

आता नवी केबल आणलीय. तीही जमिनीवरूनच नेणार आहेत. हात जोडता येत नाहीत मला, पण एवढं करा. व्यासपीठाजवळची भिंत एकदा बोटांनी ठोकून बघा. पोकळ वाजली तर तो मीच. त्याने सोडलेली तार अजून आत आहे.

काकू हल्ली उपासना लावतच नाहीत म्हणे. पण कधी लावलीच, तर त्यांना पुन्हा काळोख दिसू नये.