तीन खंड फिरलेला फिरकीचा तांब्या

ज्या वर्षी भागिरथीबाईंना थोरला मुलगा योगेश झाला, त्याच वर्षी माझा जन्म झाला. ते साल १९७५. मी एक जुना पितळी तांब्या आहे, फिरकीचा. माझ्या तोंडाला आटे आहेत आणि झाकण फिरवून बसवले की मी आडवा पडलो तरी थेंब सांडत नाही. झाकण काढून उलटे धरले की त्याचाच पेला होतो. पूर्वी प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात माझ्यासारखा एक तांब्या असायचाच. आता तुम्ही आम्हाला ओळखतही नाही, म्हणून हे सगळे सांगावे लागते.

मित्रांनो, मला नगरच्या एका तांबटाने घडवले. भागिरथीबाईंचे पती कोंडीराम नेवाशाला एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी मला विकत घेतले आणि दुकानातच माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतले, 'सौ. भागिरथी कोंडीराम पगारे'. नाव बायकोचे असले तरी मी पंचवीस वर्षे कोंडीरामांच्या सीटशेजारी बसून गाव न् गाव हिंडलो. कोणी प्रवासी पाणी मागायचा, कोंडीराम मला मागे द्यायचे. एकदा शेवगावच्या रस्त्यावर एकाने घटाघटा पाणी प्यायल्यावर विचारले, "ड्रायव्हरसाहेब, आडनाव काय तुमचं?" आडनाव ऐकल्यावर तो माणूस खिडकीतून थुंकला. कोंडीरामांनी गाडी थांबवली नाही. घरी येऊन त्यांनी बायकोला एवढेच सांगितले, "पानी मागनाऱ्याला नाव इचारायचं न्हाई. आपन तरी न्हाई." भागिरथीबाईंनी ते मनावर घेतले.

भागिरथीबाईंना अक्षर येत नव्हते. गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. पाटीवरची अक्षरे त्यांना किड्यामुंग्यांसारखी दिसायची. एका संध्याकाळी मला राखेने घासता घासता त्यांचे बोट माझ्या पोटावर थांबले. "भा," त्या म्हणाल्या. मग "गि". मग मोठ्याने पुरे नाव. शेजारच्या रतनबाई धावत आल्या, त्यांना वाटले काही चावले. आयुष्यात त्यांनी वाचलेला पहिला शब्द माझ्या अंगावर आहे. असा मान किती भांड्यांना मिळतो?

२००९ साली कोंडीराम गेले. धाकटा पंकज नगरला सावेडीत फ्लॅट घेऊन राहत होता. तो आईला तिकडे घेऊन गेला. थोरला योगेश लंडनमध्ये नोकरीला होता. २०२३ च्या जूनमध्ये त्याने आईला बोलावले. शुभांगी, म्हणजे पंकजची बायको, बॅग भरता भरता म्हणाली, "आई, तिकडं बाटल्या मिळतात हो पाण्याच्या. हे जड लोढणं कशाला?"

"लोढनं तू नेऊ नको. मी नेते."

आता तुम्हाला शहरांचे सांगतो. लोक ज्या शहरांचे फोटो भिंतीवर लावतात, ती मी पाहिली आहेत. मी खोटे बोलणार नाही. मला कोणाकडून बक्षीस घ्यायचे नाही.

पहिला अपमान आपल्याच मुंबईच्या विमानतळावर झाला. तपासणीच्या साहेबाने मला हलवून पाहिले. "आजी, पाणी आत नेता येत नाही. तिकडे डब्यात ओता."

"डब्यात? कचऱ्याच्या?" भागिरथीबाईंचा आवाज चढला. "आवो साहेब, बाहत्तरच्या दुस्काळात खडी फोडलीय मी. पानी कचऱ्यात वतू?"

"मग पिऊन टाका."

त्यांनी झाकणाचा पेला केला. दोन पेले स्वतः प्यायल्या, मग रांगेतल्या मागच्या बाईला दिला, तिच्या नवऱ्याला दिला, सूटबूट घातलेल्या एका माणसालाही दिला. तोही निमूट प्यायला. साहेब कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, आटपा, विमान निघून जाईल." "निघतंय कसं? मी हितं हाय की," भागिरथीबाई म्हणाल्या. रांग हसली. मी रिकामा होऊन आत गेलो, पण कचऱ्यात थेंब गेला नाही.

वाटेत दुबईला चार तास होते. तिथला विमानतळ इतका चकचकीत, की माझे पितळ मला मळकट वाटू लागले. पण ती फरशी पुसणारे सगळे हात आपल्याकडच्या माणसांचे होते. खाली मान घालून पुसत होते. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हते. एवढ्या उजेडात माणूस दिसत नसेल, तर त्या दिव्यांचे कौतुक मी कशाला करू?

लंडनच्या विमानतळावर तपासणीच्या एका गोऱ्या बाईने मला दोन्ही हातांनी उचलले आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मग ती आम्हाला दारापर्यंत सोडायला आली आणि घ्यायला आलेल्या योगेशला तिने सगळे सांगितले, तेव्हा तो लाजून लाल झाला. "आई, तिला वाटलं ह्यात कोणाची तरी राख आहे. ती तुझं सांत्वन करत होती."

"तरी म्हनलं एवढी कळवळून का बोलतीय," भागिरथीबाई हसून हसून वाकल्या. "तुझ्या बापाला जाऊन चौदा वर्सं झाली. जिता हुता तवा बी तांब्यात मावला नसता."

लंडनचे नळाचे पाणी चांगले आहे, हे मी मान्य करतो. पण एका स्टेशनातल्या दुकानात आम्ही पाणी मागितले, तर मुलीने बाटल्यांच्या कपाटाकडे बोट दाखवले. तिच्या मागेच नळ होता. भागिरथीबाईंनी नळाकडे बोट दाखवले. मुलीने पुन्हा बाटलीकडे दाखवले. दोघी बोटे दाखवत उभ्या राहिल्या आणि शेवटी आम्ही तहानलेलेच निघालो. योगेशच्या शेजाऱ्याचे नाव योगेशला माहीत नव्हते. सहा वर्षे एका भिंतीला भिंत लावून राहत होते. भागिरथीबाईंनी मला भरून दाराच्या पायरीवर ठेवले, येणारा-जाणारा पिईल म्हणून. आठ दिवसांत एकानेही हात लावला नाही. भुरभुर पावसाने मी काठावरून वाहू लागलो. पुढे योगेशने मला आत आणले. "इथं पायरीवर अशी वस्तू ठेवली की लोक घाबरतात गं." भरल्या तांब्याला घाबरणारे शहर मी तोपर्यंत पाहिले नव्हते.

मग योगेशने आम्हाला पॅरिस दाखवायला नेले. पॅरिसमध्ये पुलाखाली मुतारीचा वास येतो. पोस्टरवर वास छापत नाहीत, म्हणून कोणाला कळत नाही. तिथल्या उंच मनोऱ्यापाशीही मला उघडून, उलटा करून तपासले. पण खरे तेच सांगायचे, तर पॅरिसने एका गोष्टीत मला जिंकले. रस्त्याच्या कडेला एक हिरवे लोखंडी कारंजे होते. चार बाया डोक्यावर छत घेऊन उभ्या आणि मधून पाण्याची धार. कोणीही यावे, प्यावे. भागिरथीबाईंनी मला धारेखाली धरले आणि म्हणाल्या, "ह्या गावात कुनीतरी शहाना मानूस हून गेलाय." त्या चार लोखंडी बायांना त्यांनी जय भीम केला. योगेश इकडेतिकडे बघत राहिला.

सप्टेंबरमध्ये योगेशला कामासाठी न्यूयॉर्कला जायचे होते. आईलाही त्याने सोबत नेले. तिथल्या हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाणी आणून ठेवतात. मला आनंद झाला होता. पण त्या मोठ्या पेल्यांत निम्मा बर्फ, आणि लोक दोन घोट घेऊन उठतात. उरलेले सगळे मोरीत. आमच्याकडे लग्नात नवऱ्यामुलाच्या गाडीआधी टँकरची वाट बघतात, आणि इथे भरले पेले ओतून देतात. संतापाने पितळेला घाम फुटत नाही, नाहीतर मला फुटला असता.

तिथेच, एका मोठ्या इमारतीच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. पायात दोन वेगवेगळे बूट, ओठ फुटलेले. माणसे त्याला वळसा घालून जात होती. त्याने कोणाकडे काही मागितले नाही, फक्त माझ्याकडे बघितले. भागिरथीबाईंनी झाकण फिरवले, पेला भरून पुढे केला. पेला त्याच्या बोटांतून निसटला आणि पाणी सांडले. तेव्हा त्यांनी मलाच त्याच्या तोंडाला लावले. तो खूप वेळ पीत राहिला. मग माझ्या अंगावरच्या ठिपक्यांवरून त्याने बोट फिरवले.

योगेश रस्त्याच्या पलीकडून कॉफी घेऊन आला आणि तिथेच ओरडला. "आई! तोंड लावू दिलंस त्याला? काय रोग असतील त्याला, माहितीय? फेक तो तांब्या. माझ्या घरात परत नको तो."

भागिरथीबाईंनी झाकण शांतपणे बसवले. "तुझा आजा पाटलाच्या वट्ट्याखाली वंजळ करून बसायचा. वरून पानी वतायचे. तांब्या लागू द्यायचे न्हाईत. का, तर इटाळ हुईल." त्या मुलाकडे बघत होत्या. "तू रोग म्हनतूस. ते इटाळ म्हनायचे. मला नगरला पाठव."

"आई, कशाचा संबंध कशाला लावतेस?"

"पाठव म्हनले ना."

आठ दिवसांत आम्ही परत आलो. मला वाटले होते, सुटलो. सावेडीच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत मला एक स्टीलचा पेला पालथा दिसला. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो घरकामाला येणाऱ्या ज्योतीचा होता. वेगळा. इतकी वर्षे तो तिथेच असेल, पण जग फिरून आल्यावर भागिरथीबाईंना तो दिसला. त्यांनी ज्योतीला माझ्यातून पाणी दिले. ज्योती मागे सरकली. "नको आजी, माझा आहे तिथं."

"शुभांगे, हे काय हाय?"

"आई, ते फक्त हायजीन म्हणून. तुम्ही उगाच मनाला लावून घेता. आपण काय तसले लोक आहोत का?"

मित्रांनो, मी आजही संतापतो तो या वाक्यावर. ज्या घराण्याने ओंजळीने पाणी प्यायले, त्याच घरात ठिपक्याचा पेला! लंडनच्या मुलीने मला नळ दिला नाही, तिला मी परकी म्हणून सोडून देईन. ह्यांना कसे सोडू?

भागिरथीबाईंनी भांडण केले नाही. उन्हाळा लागला तसे त्यांनी मला खाली नेले. गेटवर वॉचमन कानिफनाथ बसतो, त्याच्या शेजारी एका स्टुलावर माठ ठेवला आणि माठावर मी. पार्सलवाले, रद्दीवाले, रिक्षावाले, भर उन्हात आलेले सगळे प्यायचे. दिवसाला वीस वेळा मी भरायचो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दोन महिने. सोसायटीचे चेअरमन रंगनाथराव एकदा गाडी थांबवून म्हणाले, "काकू, गेटवर पाणपोई काढलीय की काय?"

"व्हय. तुमी बी घ्या, ऊन लई हाय."

काच वर करून ते निघून गेले. पण नोटीस काढायची हिंमत त्यांना झाली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात भागिरथीबाई जिन्यावरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, त्यात छातीत कफ झाला. चार आठवडे दवाखान्यात. जाताना कानिफनाथला म्हणाल्या, "तांब्या संभाळ." त्याने सांभाळला. पण एके दिवशी शुभांगी खाली आली आणि मला घेऊन गेली. तिच्या मनात वाईट नव्हते, हे मला सांगितलेच पाहिजे. सासूबाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांसारखी त्यांचीही कागदावरची जन्मतारीख १ जून. शुभांगीने मोबाईलवर काहीतरी पाहिले होते. तिने मला एका दुकानात नेले. तिथल्या माणसाने मला यंत्राखाली धरले आणि माझ्या बुडाला भोक पाडले. एकोणपन्नास वर्षांत मी कधी गळलो नव्हतो. मग भोकातून वायर घातली, तोंडावर बल्ब बसवला, वर कापडी टोपी. सायलीने, म्हणजे नातीने, सुंदर अक्षरात कार्ड लिहिले, 'आजीचा जगप्रवासी तांब्या. दुबई, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क.'

१ जूनला भागिरथीबाई घरी आल्या. पलंगावर उशा लावून बसवले. केक आला. सगळ्यांनी "सरप्राईज!" म्हणून बटण दाबले आणि मी पेटलो.

त्यांनी माझ्याकडे बघितले. "लई उजेड पडलाय," त्या म्हणाल्या. मग, "घोटभर पानी द्या मला. ह्यातनं."

शुभांगी म्हणाली, "आई, तो आता लॅम्प आहे."

त्यांनी मला मांडीवर घेतले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि बुडाखाली बोट घातले. बोटाचे टोक आरपार गेले. शुभांगी रडायला लागली. भागिरथीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आवाज मऊ केला नाही. "पंकज, कल्हईवाल्याकडनं ह्याचं भोक बुजवून, डाख देऊन आन. गेटावर लोक तहानलेले हायेत."

"आणतो आई. रविवारी नक्की."

रविवार आला. पंकजला पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी त्याने मोबाईलवर कल्हईवाला शोधला, सापडला नाही म्हणाला. शोधायला बाजारात जावे लागते, हे त्याला सुचले नाही. भागिरथीबाई रोज विचारायच्या, "दिला का डाख?"

आता मी काचेच्या कपाटात आहे. आठवड्याला मला पावडरीने पुसतात. येणारे पाहुणे कार्ड वाचतात आणि म्हणतात, किती छान जपलंय! मित्रांनो, ह्याला जपणे म्हणत नाहीत. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला चकचकीत करू नका, कामाला लावा. आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठिपक्याचा पेला असेल, तर आजच तो बाकीच्या पेल्यांत मिसळून टाका. ते करायला लंडनला जावे लागत नाही.

भागिरथीबाई कोंडीराम पगारे २० जून २०२४ रोजी, गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता, सावेडीतल्या राहत्या घरी वारल्या. शेवटचे पाणी त्यांना चमच्याने पाजले.