तोंडाभोवतीचा रंग

“हसा, हसा. पयल्यांदा समदीच हसत्यात,” असं म्हणत नाथाजींनी सासूबाईंचं जुनं लुगडं सदऱ्या-धोतरावरूनच नेसायला घेतलं.

आम्ही हसत होतोच. पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला माणूस भर माजघरात निऱ्या घालतोय, हे बघून कोण हसणार नाही? मी तर तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. नाथाजी सांगलीत गणपती पेठेतल्या एका कापडदुकानात कामाला होते. लुगडं दाखवताना ते स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून उभे राहत, आणि बायका नेमकं तेच घेऊन जात. मूळचे उंब्रजचे. पोरवयात नाटक कंपनीत शिरले आणि वीस वर्षं नायिका झाले. पुढे बोलपट आले, नाटकात खऱ्या बायका आल्या, नाथाजींचं पोटही आलं, आणि कंपनीने त्यांना नारळ दिला.

त्यांनी निऱ्या खोचल्या, पदर घेतला, मान किंचित कलती केली आणि एक पाऊल पुढे टाकलं. एवढंच केलं. माझं हसू जागच्या जागी विरलं. समोर एक देखणी, भारदस्त बाई उभी होती. पोट कुठे गेलं नव्हतं, विरळ केसही होतेच. पण आम्हाला ते दिसेनासं झालं होतं. सासूबाई, म्हणजे आक्काताई, कुणाला सहजासहजी मान देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यासुद्धा नकळत उठून उभ्या राहिल्या.

हे सगळं चाललं होतं माझ्या नणंदेसाठी. राजमती वन्संना लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे वण दोन्ही गालांवर राहिले होते. रंग सावळा, खांदे रुंद आणि उंची माझ्या नवऱ्याच्या वर. दोन स्थळं येऊन गेली होती. दुसऱ्या खेपेला आमच्या चुलत सासवांनी त्यांच्या तोंडाला स्नो फासला, वर पावडर थापली आणि ‘उजळ दिसंल’ म्हणून फिकं गुलाबी लुगडं नेसवलं. मुलाकडच्या एका बाईने सगळ्यांदेखत आपला पदर ओला करून वन्संचा गाल पुसला आणि पदराला आलेला पांढरा डाग बैठकीभर दाखवला. तेव्हा तशी पद्धतच होती. मुलगी चालवून बघत, केस सोडून बघत, गाल पुसून बघत. म्हैस घेतानासुद्धा लोक याहून जास्त लाज बाळगतात.

आता आष्ट्याचं स्थळ येणार होतं. “ही शेवटची खेप,” वन्संनी सांगून टाकलं होतं. “आता न्हाई म्हणालं तर मी परत पाटावर बसायची न्हाई. आन तोंडाला कायबी लावायची न्हाई.” वन्सं बोलल्या की बोलल्या. सासूबाईंचं जेवण उडालं होतं. शेवटी त्यांनीच नाथाजींना बोलावणं धाडलं.

नाथाजींनी लुगडं सोडून ठेवलं आणि पुन्हा ते नेहमीचे नाथाजी झाले. वन्सं कोपऱ्यात भिंतीला टेकून बघत होत्या.

“मी अशी दिसंन?” त्यांनी विचारलं. आवाजात खवचटपणा होता, पण आशाही होती.

“न्हाई ताई. तुमी तुमच्यासारख्याच दिसाल. पर आदी सरळ हुबं ऱ्हावा बगू.”

“सरळ उभी राहिले की लोक उंचीच बघत्यात.”

“वाकलं की उंची बी बघत्यात आन वाकल्यालं बी बघत्यात,” नाथाजी म्हणाले. वन्सं हळूहळू सरळ झाल्या. त्यांची खरी उंची मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“पावडर मी लावणार न्हाई,” त्यांनी बजावलं.

“मी तरी कुटं लावतोय? रंग तोंडावर न्हाई लावायचा. तोंडाभवती लावायचा.”

लढाईचे दिवस होते, कापडाला कंट्रोल होतं, नवं लुगडं मिळणं कठीण. म्हणून नाथाजींनी घरातल्या दोन्ही ट्रंका उपसायला लावल्या. एकेक लुगडं ते वन्संच्या हनुवटीखाली धरत, डोळे बारीक करून बघत आणि बाजूला टाकत. मोतिया धरलं, वन्सं काळवंडल्या. पोपटी धरलं, आजारी दिसल्या. मी समोर बसून हे बघत होते आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. तोंड तेच, उजेड तोच, कापड बदललं की माणूस बदलत होतं! मग तळातून माझ्या आजेसासूबाईंचं आमसुली इरकल निघालं, बारीक काठाचं. ते नाथाजींनी वन्संच्या गळ्याशी धरलं. काळा म्हणून वन्संच्या ज्या रंगाला नावं ठेवली, त्याच्या आतून तांब्याच्या भांड्यासारखी झळाळी वर आली.

“बगितलंसा?” नाथाजी हलक्या आवाजात म्हणाले. “फिक्याजवळ सावळं काळं दिसतं. गडदाजवळ उजळतं. काट बारीक, म्हंजे उंची तुटत न्हाई. आंबाडा मानंवर, खाली. चोळीची बाही कोपरापातूर, म्हंजे खांदं मापात येत्यात.”

पाट कुठे मांडायचा तेही त्यांनीच ठरवलं: पुढच्या सोप्यात, थेट दाराकडे तोंड करून. बाजूची, परड्याकडची खिडकी घट्ट लावून घेतली.

“वण म्हंजे बारीक खड्डं,” त्यांनी मला समजावलं. “उजेड बाजूनं आला की त्यात सावली भरती. समोरनं आला की सावलीला जागाच ऱ्हात न्हाई.”

“मंग हे लपवणंच झालं की,” वन्सं म्हणाल्या.

नाथाजी लुगड्याची घडी घालत राहिले.

आष्ट्याची मंडळी आली. मुलगा अजितकुमार, त्याचे वडील आणि सगळा कारभार जिच्या हाती ती मावशी. नाथाजी गोठ्यात जाऊन बसले होते. वन्सं आमसुली इरकल नेसून ताठ चालत आल्या आणि पाटावर बसल्या. मी मागे उभी होते. खरं सांगते, माझा ऊर अभिमानाने भरून आला होता. बैठकीतल्या गप्पा आपोआप थांबल्या.

मावशीने नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि वन्संचा गाल खसाखसा पुसला. पदर बघितला. उलटा करून बघितला. स्वच्छ.

“कायबी न्हाई की गं!” मावशी पुटपुटली. पण तीही काही कच्ची नव्हती. तिने सोप्यावरून नजर फिरवली. “ती खिडकी का लावलीया? उगडा जरा. पोरीला तितं हुबी करा.”

सासूबाईंचा चेहरा पडला. मी काहीतरी सबब शोधत होते, तोवर वन्संच उठल्या. पूर्ण उंचीने उठल्या. जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कडी काढली, दोन्ही दारं ढकलली आणि खिडकीकडे गाल करून उभ्या राहिल्या.

“वण हाईत,” त्या म्हणाल्या. “ल्हानपणी देवी आल्या हुत्या. ह्या गालावर जास्त हाईत. नीट बघून घ्या.”

तिरपं ऊन त्यांच्या गालावर पडलं आणि एकेक वण मोजून घ्यावा इतका स्पष्ट दिसला. काहीही लपलं नव्हतं. आणि तरीही, काय सांगू, इतकं सुंदर माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते आमसुली लुगडं, ती सरळ मान, तो वणांचा गाल, सगळं एकाच ठिकाणचं वाटत होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. मावशीचंही तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

अशा बैठकीत मुलाने बोलायची रीत नव्हती. अजितकुमार बोलला. “मावशी, बास आता. मला पसंत हाय.”

मी धावत गोठ्यात गेले आणि घडलं ते सांगितलं.

“आपनहून ग्येल्या खिडकीला?” नाथाजींनी विचारलं. “मला न्हाई जमलं कवा. कंपनीचं दिवं लागल्याबिगर आमी पडद्याभाईरच पडलो न्हाई.”

लग्नाच्या दिवशी वन्संना नेसवलं मी, पण नाथाजी दाराबाहेर पाठ फिरवून उभे राहून एकेक गोष्ट सांगत होते. नवरीला नटवणाऱ्या बाईला खण द्यायची आमच्याकडे रीत आहे. नाथाजी पुरुष, म्हणून सासूबाईंनी ताटात टॉवेल ठेवला होता. वन्संनी तो उचलून बाजूला ठेवला आणि स्वतःच्या रुखवतातला हिरवा खण ताटात घातला.

मला वाटलं, बायका आता हसणार आणि नाथाजी लाजेने निघून जाणार. नाथाजींनी खणाकडे पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पदरासारखं पसरलं आणि मान खाली घालून खण घेतला. हसलं कुणीच नाही.

“शालू लय नेसलो कंपनीत,” ते म्हणाले. “पडदा पडला की परत पेटीत. ह्यो माझाच ऱ्हाणार न्हवं?”

“तुमचाच,” वन्सं म्हणाल्या.

नाथाजींनी खण कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून हाताने एकदा चाचपला आणि पुरुषांच्या पंगतीत जाऊन बसले.