चहाच्या कपाटातली पोडी

आमच्या घरात मिरच्या भाजायच्या असतील तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. हसू नका, खरंच सांगतेय. माझी आई चहा चाखते. म्हणजे आपण सगळे पितो तसा नाही, तिची नोकरीच ती आहे. एका चहाच्या कंपनीत लांबलचक टेबलावर पांढरे कप ओळीने मांडलेले असतात. आई चमच्याने सुर्रकन घोट ओढते, तोंडात खेळवते, पिकदाणीत थुंकते आणि सांगते, हा उंचावरचा, हा गेल्या वर्षीचा, हा वाळवताना कुणीतरी घाई केलेली आहे. बाबा म्हणतात, "जगात कुणालाही थुंकल्याबद्दल बोलणी बसतात, हिला पगार मिळतो."

दरवर्षी तिची चाचणी असते. नावं न लिहिलेले बारा कप, आणि कुठला कुठला ते ओळखायचं. दहा ओळखले तर टेबल राहतं, नाहीतर पॅकिंगमध्ये जायचं. त्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे 'फिक्के दिवस' असतात. मऊ भात, उकडलेला भोपळा, दूध. फोडणी बंद, वासाचा साबण बंद, माझं जाईचं तेल बंद. बाबा ऑफिसात चोरून लोणचं खातात आणि घरी येताना खिडकीबाहेर तोंड काढून बसतात, म्हणे वारा लागला की वास जातो.

आणि नेमकी याच घरात मी दाक्षिणात्य स्वयंपाकाच्या प्रेमात पडले! तोही साधासुधा नाही, जाळ काढणारा. त्याला कारण शिडी. शिडी माझी मैत्रीण, उंचीवरून नाव पडलंय. तिची आजी दक्षिणेकडची, आणि ती मला फोनवर शिकवते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात मला कुणी विचारत नव्हतं. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मी "हजर" सुद्धा पुटपुटायची. मग एकदा मिरं ठेचून केलेलं रसम थर्मासमधून नेलं. मागच्या बाकावरच्या टग्यांची नाकं वाहायला लागली, कान लाल झाले आणि तरी कप पुढे येतच राहिले. त्या दिवसापासून मी वेगळीच झाले. मोठ्याने बोलायला लागले, भाषणात भाग घेतला, भांडायलाही लागले. सांबार, चेट्टिनाड मसाला, चिंचेचं कुळंबू म्हणजे दाट आंबट-तिखट कालवण, एकेक जमत गेलं. आईने फिक्के दिवस सोडून रविवारचा गॅस माझ्या नावावर केला. "भांडी घासलीस तरच," असंही म्हणाली, पण केला.

यंदा फिक्के दिवस शनिवारी सुरू होणार होते. शुक्रवारी शाळेला सुट्टी, आई-बाबा कामावर. मी ठरवलं, पंधरा दिवस हातावर हात धरून बसायचं तर आधी पोडी करून ठेवू. पोडी म्हणजे इडलीवर तेलात कालवून खायची ती पूड. वर्गातल्या नऊ जणांना कबूल केली होती. उडदाची डाळ, हरभऱ्याची डाळ, तीळ, कढीपत्ता, सालासकट लसूण, खड्याचा हिंग तेलात फुलवून, आणि दोन जातीच्या लाल मिरच्या, एक रंगाला, एक जाळाला. सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले, शिंकून शिंकून जीव गेला. एक किलो झाली! संध्याकाळपर्यंत घराला वाससुद्धा राहिला नाही. एवढं सगळं मी नीट केलं होतं, हे मला सांगायचंय.

फक्त एक. पोडी कोमट असताना झाकण लावलं की तिला घाम सुटतो आणि गोळे होतात. शिडीच्या आजीने दहादा बजावलं होतं. आणि आमचं स्वयंपाकघर ओलसर, मीठसुद्धा पाझरतं. घरातली एकच जागा कोरडी ठणठणीत, ती म्हणजे आईचं चहाचं कपाट. ते मी उघडायचं नाही. लहानपणापासून माझ्यासाठी घरात एवढा एकच नियम आहे. मला वाटलं, रात्रभराचा तर प्रश्न. वरच्या खणात मागे डबा सरकवला, झाकण अर्धं उघडं ठेवून.

खालच्या खणात आईने सरावासाठी आणलेल्या यंदाच्या चहांच्या बारा पुड्या होत्या, नुसत्या दुमडलेल्या. शनिवारी संध्याकाळी ती त्या डब्यांत भरणार होती. चहा वास ओढून घेतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. टेस्टरच्या मुलीला ते माहीत नसेल तर कुणाला असणार? मी तेव्हा त्याचा विचारच केला नाही. माझ्या डोक्यात फक्त माझ्या पोडीचे गोळे होते.

शनिवारी दुपारी मी डबा काढला, शिडीकडे पोचवला, खण पुसून घेतला. आई बाजारातून आली तेव्हा मी सोफ्यावर पाय पसरून इतिहासाचं पुस्तक वाचत होते. इतिहासाचं! तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चाचणीत जे चहा येणार ते आधी नजरेला पडू नयेत म्हणून कंपनी फिक्क्या दिवसांत चाखणाऱ्यांना सुट्टी देते. रविवारी सकाळी आईने जेवणाच्या टेबलावर बारा कप मांडले. पहिला घोट घेतला, थांबली. दुसरा, थांबली. तिसऱ्यानंतर चमचा खाली ठेवला.

"कसला तरी वास येतोय यांना," ती म्हणाली. "तू माझं कपाट उघडलं होतंस का?"

"नाही," मी म्हटलं.

विचार न करता म्हटलं. तोंडातून सटकलं. आणि एकदा सटकलं म्हटल्यावर मी वर आणखी ठसक्यात बोलले, "मी कशाला उघडू? मला काय करायचंय तुझ्या चहाचं?"

"बघ जरा." तिने कप पुढे केला. मी वास घेतला. खरंच सांगते, मला काहीही कळलं नाही, चहाच होता तो. "नाही गं, काहीच नाही." बाबांनीही प्यायला. "मला तर चहासारखा चहा लागतोय. साखर कमी आहे." आई हसली नाही.

सोमवार, मंगळवार तसेच गेले. ती घोट घ्यायची, वहीत काहीतरी लिहायची, खोडायची. मीठ-पाण्याने गुळण्या करायची. आरशासमोर जीभ काढून बघायची. गेल्या हिवाळ्यात तिला मोठा ताप आला होता, तेव्हा महिनाभर तिच्या तोंडाची चव गेली होती. मग आली, पण धास्ती राहिली. मी तिच्यासमोर भोपळा गिळत होते आणि मनात हिशेब मांडत होते, की वास दोन दिवसांत उडेल, मग सगळं आपोआप ठीक होईल, मग सांगायची गरजच नाही.

बुधवारी रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती बाबांशी बोलत होती.

"बारापैकी चार ओळखले मी. चार! नवीन मुलंसुद्धा सहा ओळखतात."

"अगं, एखादा आठवडा वाईट असतो."

"जीभ गेली माझी. तापानेच गेली, मी स्वतःला फसवत होते. सगळ्यात भलतंच काहीतरी लागतं. तुम्हाला नाही, तिलाही नाही, मग चूक कुणाची? सगळ्यांसमोर नापास होण्यापेक्षा आपण होऊन पॅकिंगला जाते. उद्या अर्ज देते."

"वीस वर्षं झाली तुला टेबलावर," बाबा म्हणाले.

मी ग्लास हातात धरून उभी होते. पाणी प्यायलेच नाही. आईने विचारलं होतं, मी 'नाही' म्हटलं होतं, आणि तिने स्वतःच्या जिभेपेक्षा माझं खरं धरलं. ज्या जिभेवर अख्खी कंपनी विश्वास ठेवते, तिच्यापेक्षा माझं.

सकाळी सांगायचं ठरवलं. सकाळी ती साडीला इस्त्री करत होती. "आई," मी म्हटलं. तिने वर बघितलं. डोळे सुजलेले होते. "डबा दे ना," मी म्हटलं. झालं. वर्गात हात वर करून बोलणारी, टग्यांना गप्प करणारी मी, आणि मला डब्याशिवाय काही सुचलं नाही.

मधल्या सुट्टीत शिडीने पोडी उघडली. सगळे तुटून पडले. "काय हाणलीय गं! हिचं दुकान टाका रे!" शिडीने एक घास माझ्या तोंडात कोंबला. अप्रतिम झाली होती, खोटं कशाला बोलू? हिंग आधी, मग भाजकी डाळ, मग लसूण, आणि शेवटी जाळ. मला तो घास खाली उतरवता येईना.

"तिखट लागलं? तुला?" शिडी खो खो हसायला लागली.

मी नळावर जाऊन थुंकले. शाळा सुटल्यावर घरी न जाता थेट आईच्या कंपनीत गेले, अर्धा रस्ता पळतच.

चाखायची खोली रिकामी होती. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, धुऊन पालथे घातलेले कप, आणि आई खण आवरत होती. स्वतःचा चमचा तिने रुमालात गुंडाळला होता.

"तू इथे कशी? काय झालं?"

"मी उघडलं होतं." धाप लागली होती. "कपाट. शुक्रवारी. पोडी ठेवली होती रात्रभर, झाकण उघडं होतं. मी खोटं बोलले."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "कुठल्या खणात?"

"वरच्या."

"हिंग होता?"

"हो."

"लसूण? सालासकट?"

"हो."

तिने पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे उघडी धरली. पहिल्या चहापुढे लिहिलं होतं, 'हिंग. उडदाची डाळ, भाजलेली. लसणाचं साल.' त्यावर काट. दुसऱ्यापुढे, 'हिंग? कढीपत्ता, तेलातला.' काट. बाराच्या बारा तसेच. कागद फाटेल इतक्या जोरात खोडलेलं.

"मला वाटलं, मला भास होतायत," आई म्हणाली. "घरात पोडी नाही, कपाट कुणी उघडलं नाही, मग हे येतंय कुठून?"

मी रडायला लागले. तिने जवळ घेतलं नाही. "अर्ज सकाळीच दिलाय. चल साहेबांकडे. पण मी काही सांगणार नाही. तू सांग."

मी सांगितलं. कपाट, झाकण, खोटं, सगळं. साहेब म्हातारे, जाड चष्म्याचे. ऐकताना त्यांनी एकदाही मला मध्ये तोडलं नाही. मग वही मागून घेतली, पानं उलटली आणि आईकडे बघून म्हणाले, "बाई, लसणाचं साल?" आईने मान हलवली. ते उठून उभेच राहिले. पण चाचणीला बसणाऱ्यांची यादी दुपारी वरच्या ऑफिसात गेली होती, आईच्या जागी दुसऱ्याचं नाव गेलं होतं. त्यांनी माझ्यासमोर दोन फोन केले. दुसरा फोन ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी. नक्की. तोपर्यंत पॅकिंग." मी सकाळीच, इस्त्रीच्या वेळी बोलले असते, तर त्या दोन फोनांची गरज पडली नसती. हे त्यांनी म्हटलं नाही, आईनेही नाही.

घरी येताना मी म्हटलं, "मी आता पुन्हा कधीच मसाला करणार नाही."

"नाटकं करू नकोस," आई म्हणाली. "स्वयंपाकाने काही केलेलं नाही. तू खोटं बोललीस याचा राग आहेच. पण मी ते मानलं, याचा जास्त आहे." थोडं चालून म्हणाली, "फिक्के दिवस संपले आता. आज कुळंबू कर. बाबांना मात्र तू सांगायचंस, जेवायच्या आधी."

कुळंबू केलं. बाबांना सांगितलं. बाबांनी कधी नव्हे तो एकही विनोद केला नाही. आई दोनदा भात घेऊन जेवली. "मेथी जरा जास्त भाजलीस," एवढंच म्हणाली. खरंच जास्त भाजली गेली होती, माझं लक्ष नव्हतं.

त्या बारा पुड्या फेकून दिल्या. साहेबांनी नव्या पाठवल्या. आता मी शाळेतून आले, ती पॅकिंगमधून आली, की मी कप मांडते, चिठ्ठ्या खाली लपवते आणि ती ओळखते. काल दहा बरोबर आले. आज सातव्या कपाला ती थांबली.

"यात काही आहे का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली, कपाटापाशी गेली, दार उघडलं, एकेका खणात वाकून वास घेतला, डब्याचं झाकण काढून आत नाक घातलं. मी कपाची कड पुसत राहिले. तिने दार लावलं, परत येऊन बसली, चमचा उचलला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पुढचा दे."