शिडीगल्लीचा कोपरा

कोपरा छाटला होता, पण वर. पाचव्या मजल्याच्या वर, जिथे कावळ्यांशिवाय कुणी वळत नाही तिथे. खाली, जिथे अख्खी गल्ली वळते, तिथे काचेच्या दुकानाची कडा काटकोनात ताठ उभी होती. ऑफिसातल्या पडद्यावर ते चित्र आलं आणि मी त्या इमारतीच्या मालकांच्या देखत फिस्सकन हसले.

सरांना ते झोंबलं. सर म्हणजे ज्यांच्या नावावर आमचं ऑफिस चालतं ते आर्किटेक्ट. मीही आर्किटेक्टच, पण पगारी.

"काय झालं हसायला?"

"सर, कोपरा उलटा छाटलाय."

"उलटा नाही. लांबून दिसावा म्हणून वर नेलाय. इथल्या वारशाला दिलेली दाद आहे ती."

मालकांनी मान डोलावली. गल्लीच्या तोंडाशी असलेलं पडकं घर घेऊन तिथे इमारत उभी करायला निघालेले हे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. जुन्या गोष्टी त्यांना मनापासून आवडायच्या, फक्त त्यांनी जागा अडवता कामा नये.

मुळात तो नकाशा माझा होता. माझ्या नकाशात कोपरा खालीच छाटलेला होता. मी सुट्टीवर गेले आणि मागे सरांनी दुकानाला तेवढी जागा परत देऊन टाकली. मग छाटलेला कोपरा टाकवेना म्हणून उचलून वर ठेवला. शिवाय दर्शनी बाजूला कमानी चिकटवल्या, आणि आत लिफ्टसमोर गल्लीचे जुने फोटो लावायचं ठरवलं. गल्ली बंद करायची आणि तिचेच फोटो लिफ्टसमोर टांगायचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या गल्लीला लोक शिडीगल्ली म्हणतात, कारण तिथे शिड्या बनतात. दोन पायांच्या घडीच्या नव्हेत, तर सरळ, लांब, एकसंध शिड्या. रंगारी, दिव्यांचे खांब दुरुस्त करणारे, फळबागवाले, सगळे तिथूनच नेतात. गल्ली अरुंद आहे, वरचे मजले पुढे आलेले आहेत आणि त्यांच्या मधून तारा गेल्या आहेत. त्यामुळे शिडी उभी करून नेता येत नाही. दोघांनी खांद्यावर आडवी घ्यायची आणि मोठ्या रस्त्याला लागताना एकदा वळवायची. वळताना शिडीचं पोट आतल्या कोपऱ्याला घासतं. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक वळणावरच्या घराचा कोपरा खालून तिरका छाटलेला आहे. खांद्यावर शिडी घेतलेला माणूस जाईल इतका उंच छाट, आणि त्याच्या वर एकेक दगड बोटभर पुढे येत घर पुन्हा चौकोनी होतं. ते छाटलेले दगड लाकूड आणि खांदे घासून घासून गुळगुळीत झालेत. लहानपणी मी त्यांना गाल लावून उभी राहायचे.

लहानपणी, कारण मी त्याच गल्लीत आत्याकडे वाढले. आत्या शिड्या बनवते. अजूनही.

"तुझी आत्या तिथे राहते म्हणून तू हा विषय लावून धरला आहेस," सर म्हणाले.

"हो, म्हणूनच. तुमची आत्या तिथे असती तर तुम्हीही धरला असता."

मालकांनी मध्ये पडून गोड आवाजात विचारलं, "त्या शिड्या दोन तुकड्यांत नाही का करता येणार? मध्ये जोड द्यायचा."

"येतील. जोडावर चढायला तुम्ही याल?"

सरांनी मला बाहेर बोलावलं आणि दरवाजा लोटून सांगितलं, "उद्या सकाळी साइटवर आखणी आहे. तू यायची गरज नाही. आणि आलीस, तर ऑफिसात परत यायचीही गरज नाही."

मी पर्स घेतली आणि संध्याकाळ व्हायच्या आत शिडीगल्ली गाठली.

आत्या कारखान्यातच होती. कारखाना म्हणजे घराची खालची लांबलचक खोली. सुताराच्या लाकडी घोड्यांवर शिडीच्या दोन लांब बाजू आडव्या टाकलेल्या, त्यांत पायऱ्यांची भोकं पाडलेली, जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा. आत्या एकेक पायरी तेलात बुडवलेल्या फडक्याने पुसून भोकात बसवत होती. मी सगळं सांगून टाकलं. ती पुसायची थांबली नाही.

"वर छाटलाय?" तिने विचारलं.

"वर."

"पाचव्या मजल्यावर?"

"त्याच्याही वर."

"म्हणजे मी आता शिड्या उडवत न्यायच्या." तिने पायरीवर हातोडी घातली. "ठिणगे, तो कोपरा गेला तर मी काय करू? स्टुलं करू?"

ठिणगी हे माझं घरचं नाव. ते का पडलं हे वेगळं सांगायला नको. आत्या हसत बोलली, पण तिचा हात जरा जोरात पडला आणि पायरीला चीर गेली. आत्याकडून पायरी फुटलेली मी तोवर पाहिली नव्हती. इथून शिडी बाहेर पडली नाही, तर ही बाई दुसरं काही करणार नव्हती. ती नुसती बसून राहिली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

"नाही जाणार कोपरा," मी म्हणाले. "उद्या ते जमिनीवर फक्की मारतील. भिंत कुठे येणार त्याची पांढरी रेघ. आपण त्या रेघेवर उभं राहायचं, खांद्याला खांदा लावून. आपणच भिंत व्हायचं. तू तुझी सगळ्यात लांब शिडी घेऊन ये. अडकू दे. मालकाला डोळ्यांनी बघू दे."

"तुझी नोकरी?"

"बघू."

"बघू म्हणजे गेली," आत्या म्हणाली, आणि तिने नवी पायरी हातात घेतली. "भुसा झाड जरा. उद्या पाय घसरायला नको कुणाचा."

सकाळी मिस्त्रीने दोरी ताणली आणि फक्की मारली. पडकं घर आधीच पाडून जागा सपाट केली होती. पांढरी रेघ गल्लीच्या कडेने आली, कोपऱ्यावर काटकोनात वळली आणि मोठ्या रस्त्याच्या कडेने पुढे गेली. मालक कडक इस्त्रीच्या पँटीत, सर नकाशाची गुंडाळी काखेत मारून उभे. मला बघून सरांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

मग गल्ली बाहेर आली. कुलूपवाला, शिवणवाली, तिची सासू, रिटायर झालेले मास्तर, त्यांच्याशी कधीच न पटणारा सलूनवाला, सगळे. मी एकेकाला रेघेवर उभं केलं. सलूनवाल्याला मास्तरांच्या शेजारी नको होतं, पण भिंतीत जागा तेवढीच उरली होती. कोपऱ्याच्या टोकावर मी स्वतः उभी राहिले.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"तुमची इमारत," मी म्हणाले. "तळमजला."

मालकांना गंमत वाटली. ते मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले. मी सगळ्यांना पुन्हा बजावलं, "काहीही झालं तरी हलायचं नाही. आपण विटा आहोत."

"विटा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी छाती पुढे काढली.

गल्लीतून शिडी आली. पुढे आत्या, मागे तिचा कारागीर, आणि मध्ये संपता संपत नाही अशी शिडी. आत्या वळणाशी आली आणि तिने हाक दिली, "कोपराऽऽ!"

इथे एक सांगायला हवं. आमच्या गल्लीत ही हाक आली की माणूस विचार करत नाही. जेवत असला तरी उठतो, भांडत असला तरी भांडण तोंडात धरून भिंतीला चिकटतो, आणि शिडीचं शेपूट ज्याच्या समोर येईल तो त्याला हात लावून वळवतो. पाहुणेसुद्धा आठवड्याभरात शिकतात. चालायला लागायच्या आधी आम्हाला ते कळतं.

हाक आली आणि आमची अख्खी भिंत झटकन मागे सरली. विटा, मास्तर, शिवणवालीची सासू, सगळे. कुलूपवाला तर धावत पलीकडे गेला आणि त्याने शेपटाला हात लावून शिडी अशी सुरेख वळवली की ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी स्वतः दोन पावलं मागे होते. कधी गेले ते मलाच कळलं नाही.

"अगं बाई," आत्या रस्त्यावरून म्हणाली. "हाक दिली का मी?"

मालकांनी टाळ्या वाजवल्या. "गेली की! बघा, आरामात गेली." सरांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही होतं ते मी जन्मात विसरणार नाही. हसावं की रडावं तेच कळेना. सलूनवाला मास्तरांना म्हणत होता की पहिले तुम्ही हललात, आणि मास्तर म्हणत होते की तुम्ही ढकललंत.

मला राग आला. आमच्या लोकांचा नाही. आम्ही किती शहाण्यासारखे वागलो होतो! एक म्हातारी हाक देते आणि कुणी न सांगता अख्खी गल्ली तिला वाट करून देते. असं किती रस्त्यांवर होतं? आणि तेच आमच्या फजितीचं कारण ठरावं?

"आत्या, परत आण," मी ओरडले. "या वेळी तोंडातून हूं की चूं नाही."

"कशाला उगाच तमाशा," सर म्हणाले.

"सर, तुम्ही कमानी चिकटवल्या तेव्हा मी मूग गिळून बसले. आता तुम्ही बसा."

त्यांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मीही बोलले नव्हते. बरं वाटलं.

शिडी मागे घेतली. भिंत पुन्हा उभी राहिली. आत्या ओठ घट्ट मिटून आली आणि वळली. शिडीचं पोट आडवं आडवं सरकत आलं आणि माझ्या दंडावर येऊन टेकलं. मी हलले नाही. पलीकडे शेपूट समोरच्या भिंतीला लागलं. शिडी ना पुढे जाईना, ना मागे. आत्याने जोर लावला तसा दंड कळवळला. मी दात खाऊन उभी राहिले.

रस्त्यावर एक टेम्पो थांबला, त्याच्या मागे दुसरा. हॉर्न सुरू झाले.

"अहो, सरका ना जरा," मालक म्हणाले. "लागतंय तुम्हाला."

"नाही सरकणार."

"अहो, एक पाऊल फक्त! एका पावलाने काय होतंय?"

"मालक," मी म्हणाले, "मघाशी आम्ही सरकलो, कारण आम्हाला हाक कळते. तुमच्या भिंतीला कळेल? आत्या रोज इथे येऊन ओरडेल, कोपरा, कोपरा. तुमचं काचेचं दुकान एक पाऊल मागे जाईल का?"

मालक माझ्या दंडाकडे आणि शिडीकडे आळीपाळीने बघत राहिले. मग खरंच कुठे अडलंय ते बघायला रेघ ओलांडून आत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. नकाशाप्रमाणे बघितलं तर ते आता आपल्या होऊ घातलेल्या दुकानाच्या आतच उभे होते.

आत्याने शिडी थोडी मागे घेतली, श्वास घेतला आणि पुन्हा खांदा दिला. आता तिला राहवलं नसेल. किंवा तिने मुद्दाम केलं असेल. मी तिला कितीदा विचारलं, ती सांगत नाही.

"कोपराऽऽ!"

आम्ही सगळे मागे सरलो. आणि अंगावर येणारी शिडी बघून मालकही सरले. पोट आत ओढून, हात वर करून, एकदम दोन पावलं मागे. शिडी त्यांच्या शर्टाच्या बटणांसमोरून बोटभर अंतर राखून सळसळत गेली. शेपूट या वेळी सरांच्या समोर आलं. ते नकाशा धरून उभेच. कुलूपवाल्याने डोळे वटारले, तसा त्यांनी एक हात लावला. शिडी रस्त्यावर निघाली. टेम्पोवाले हॉर्न द्यायचे थांबले.

मालक तसेच उभे होते, हात अजून वर. माझ्यापासून त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्यापासून मास्तरांपर्यंत माणसांची एक तिरकी रांग झाली होती. मिस्त्री फक्कीचं घमेलं घेऊन आला.

"मालक, रेघ नक्की कुठे मारू?"

सर पुढे झाले. "दर्शनी बाजूचा सगळा तोल जाईल. शिवाय दुकानाची जागा—"

"तो वरचा कोपरा भरून टाका," मालक म्हणाले. "जागा तिथे घ्या. वर कोण वळतंय?" मग त्यांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. "रेघ इथे मार."

सरांनी नकाशाची गुंडाळी करकचून आवळली आणि ते गाडीकडे निघाले. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. नोकरी गेली होती. त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यात वाटलं, खोटं कशाला बोलू.

मिस्त्री वाकला आणि तिरकी रेघ ओढत आला. पांढरी फक्की मालकांच्या काळ्या बुटांवर उडाली. ते पाय उचलायला गेले.

"हलू नका, मालक," आत्या रस्त्यावरून ओरडली. "आत्ता तुम्ही भिंत आहात."