सासूबाईंना आलेला शोकसंदेश

दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचाच पगार मिळत असल्यामुळे आपला हा सॉफ्टवेअर टेस्टर स्वतःला मोठा बारीक नजरेचा समजत असे. सासरी मात्र तो नुसता 'कॉम्प्युटरमधला मोठा साहेब' होता, आणि हा गैरसमज त्याने कधी दूर केला नव्हता.

त्या दिवशी विमा कंपनीचं अ‍ॅप तपासायला त्याने एक खोटा ग्राहक बनवला आणि कागदोपत्री मारला. ग्राहक गेला की अ‍ॅपमधून शोकसंदेश आपोआप जायला हवा. ग्राहकाचा फोन नंबर तेवढा खरा लागत होता. त्याने तोंडपाठ असलेला सासूबाईंचा ठोकला, कारण त्या मेसेज वाचत नाहीत अशी त्याची खात्री होती. संदेश गेला. 'पास' अशी नोंद करून गडी चहाला निघाला.

कप ओठाला लागतो न लागतो तोच फोन वाजला.

"जावईबापू, मी गेले म्हणे?"

त्याला ठसकाच लागला. "अहो आई, आमच्याकडून चुकून आला तो!"

"ते असू दे. पण जी बाई मेली, तिच्याच फोनवर तिचं सांत्वन? घरच्यांना नको का पाठवायला?"

संदेश जातो का, एवढंच त्याने पाहिलं होतं. कुणाला जातो, हे अकरा वर्षांच्या अनुभवाला सुचलंच नव्हतं.

"हे तपासायला तिथे कुणी माणूस नाही का?"

"आहे की एक," तो पुटपुटला.

"मग त्याला आधी घरी पाठवा, आणि त्याच्या जागी तुम्ही बसा. माझ्या चहातसुद्धा खोट काढता तुम्ही!"