स्वच्छतागृहाची किल्ली

माझं शैक्षणिक तत्त्वज्ञान मला तोंडपाठ होतं. आत्याने आठवडाभर स्वयंपाकघरात उभं करून ते घोकून घेतलं होतं. आत्या म्हणजे शाळेची मुख्याध्यापिका. पहिलीच्या वर्गावर शिक्षिका हवी होती, आणि समितीपुढे, भरल्या वर्गात उभं राहून आपलं तत्त्वज्ञान सांगायचं, पसंत पडलं तर नोकरी, अशी तिथली पद्धत होती. "मूल म्हणजे कळी, शिक्षक म्हणजे माळी" हे वाक्य आत्याचं. म्हणताना माझे दात आंबायचे. पण शिक्षण संपून किती दिवस घरी बसले होते आणि बाबा उठताबसता एकच सांगत, "माझ्या बहिणीचं नाक कापू नकोस." म्हटलं, कळी तर कळी. मुलाचं म्हणणं आधी ऐकावं, हे एवढं वाक्य मात्र माझं होतं. आत्याने ते राहू दिलं. "कानाला बरं वाटतं," म्हणाली.

त्या सकाळी शाळेत शिरले तोच फिनेलचा भपकारा आला. एरवी जिथे नाक दाबून जावं लागायचं ती मुलांची मुतारी घासून लख्ख केली होती. आत आरसा, टॉवेल, न उघडलेली साबणाची वडी, वर प्लॅस्टिकची फुलं. दारावर 'स्वच्छतागृह' अशी नवी पाटी आणि कडीला हे भलंमोठं कुलूप.

"कुलूप कशाला?" मी विचारलं.

"समिती बघून जाईपर्यंत आत कुणी पाय ठेवायचा नाही." आत्याने किल्ली पर्समध्ये टाकली. "ही कार्टी एकदा आत गेली की उकिरडा करून ठेवतात."

"मग मुलांनी जायचं कुठे?"

"घरून जाऊन या म्हणून कालच बजावलंय. तू तुझं तत्त्वज्ञान बघ."

समिती येईल, पाहील, कुलूप निघेल, अशी मनाची समजूत घातली.

समितीचा पत्ता नव्हता. पहिलीचा वर्ग हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसून होता. हळूहळू बाकांखालचे पाय हलू लागले. पुढच्या बाकावर, डोक्याच्या मधोमध केसांचं कारंजं बांधलेली एक मुलगी होती, तिला सगळे शेंडी म्हणत. तिने तोंडावरचं बोट काढलं आणि करंगळी वर केली. दारातून आत्याने नुसते डोळे वटारले. करंगळी खाली गेली.

शेवटी गाडी आली. अध्यक्ष उतरले आणि थेट आत्याच्या कानाशी लागले. लांबून आले होते बिचारे! आत्याने लगबगीने पर्स उघडली. कुलूप निघालं, साहेब आत गेले. पहिलीचा अख्खा वर्ग खिडकीतून बघत होता. बाहेर येऊन रुमालाला हात पुसत साहेब म्हणाले, "वा, बाई! इतकी स्वच्छता मोठ्यामोठ्या शाळांत पाहिली नाही." आत्याचा चेहरा फुलला. आणि तिने पुन्हा कुलूप घातलं. समितीतल्या बाकीच्या दोघांनी अजून पाहायचं होतं ना!

मला किळस आली. घाणीची येते तशीच. त्या नव्या साबणाची, फुलांची, साहेबांच्या रुमालाची, आणि सगळ्यात जास्त माझी. कारण तरीही मी फळ्यापुढे जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडलं.

"मूल म्हणजे कळी," मी म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. "शिक्षक म्हणजे माळी." चहाचे कप आले. शेंडीची करंगळी पुन्हा वर होती. ती आता आत्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे डबडबलेले. मी नजर छतावर नेली आणि पुढे म्हणाले, "मुलाचं म्हणणं आधी ऐकावं."

तेवढ्यात बाकाखालून पाणी वाहत आलं.

साहेबांनी आधी बूट उचलले, मग नाकाला रुमाल लावला. "शी! घरात वळण नाही का लावत या मुलांना?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हं, चालू द्या तुमचं. छान बोलताय."

शेंडी रडली नाही. खाली बसली आणि आपल्या फ्रॉकच्या घेराने फरशी पुसू लागली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"ऊठ," मी तिला म्हणाले. तिला उचलून कडेवर घेतलं. माझी बाही ओली झाली. मग आत्यापुढे हात पसरला. "किल्ली द्या."

"पाहणी व्हायचीय अजून," आत्या समितीकडे बघत गोड हसली आणि दात न उघडता मला म्हणाली, "वेड लागलंय का? नोकरी हातात आलीय तुझ्या!"

"आत्या, किल्ली दे. नाहीतर दगडाने कुलूप फोडते."

समितीसमोर तमाशा नको म्हणून तिने ती टेबलावर आपटली. "घे! आणि परत या शाळेची पायरी चढू नकोस. तुझ्या बापाला मीच सांगते."

मी सगळा वर्ग घेऊन बाहेर पडले. कुलूप काढलं, दार सताड उघडलं. "जा रे, पळा!"

कुणी हललं नाही. पाय आवळून, एकमेकांना चिकटून पोरं उंबऱ्याशी थांबली. फरशी चमकत होती. एका मुलाने बूट काढून हातात घेतले, आत पाऊल टाकलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"बाई," माझ्या कडेवरून शेंडी हळूच म्हणाली, "आम्ही गेलो तर ते घाण होईल ना?"

"होऊ दे," मी म्हणाले. "तुमच्यासाठीच आहे ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून वर्गाच्या दारात उभ्या आत्याकडे पाहिलं. आणि एकेकजण हाताची घडी घालून रांगेत उभा राहिला.