मुरलीधरची परेड

फौजेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी ‘तपासणी’ हा शब्द कानावर पडला की मुरलीधरचे हात चुन्याच्या डब्याकडे जात. बायको विनया म्हणायची, "यम दारात आला तरी हा माणूस आधी विटा रंगवेल."

नोएडाच्या कडेला या दोघांचं कुत्र्यांचं पाळणाघर होतं. परगावी जाणारे लोक आपली कुत्री विश्वासाने ठेवून जात. यंदा नवा नियम आला. परवाना हवा, आणि निगा कशी राखता ते पाहून तारे मिळणार. तीनपेक्षा कमी आले तर रात्री कुत्रं ठेवता येणार नाही. म्हणजे पाळणाघराला कुलूपच.

मग काय, मुरलीधरने दोन दिवस विनयाला टेकू दिलं नाही. कुंपणाच्या विटा गेरू-चुन्याने रंगवल्या, फरशी फिनेलने धुतली. केसाळ गोधड्या, चावून चोथा झालेले चेंडू, मालकांनी ओळखीच्या वासासाठी ठेवलेले जुने स्वेटर, सगळा पसारा कोठीत कोंबला. सकाळी अकराही कुत्री रांगेत बसवली आणि हुकूम सोडला, "बैठ!"

तपासनीस डॉक्टर रसिका पाऊण तास उशिरा आली. मुलगी पुण्याची. दारावरची मराठी पाटी वाचून मराठीतच म्हणाली, "काका, किती वेळ बसलीयत ही?"

"पाऊण तास, मॅडम. एकानेही कान हलवला नाही. बिल्कुल नाही!"

रसिकाने कागदावर काहीतरी लिहिलं. "यांची अंथरुणं, खेळणी?"

"तो कचरा आत टाकला. तुम्ही येणार म्हणून."

ती रांगेच्या टोकाकडे बघत राहिली. तिथे म्हातारा लॅब्रेडॉर बसला होता. ओल्या फरशीवर त्याचे मागचे पाय लटलट कापत होते, पण तो उठत नव्हता. नजर मुरलीधरवर.

मुरलीधरला रोमा आठवली. डोंगरातल्या छावणीतली त्याची काळीभोर कुत्री रोमा, थंडीत त्याच्या घोंगडीत शिरणारी, त्याची चाहूल लागली की शेपटीने जमीन झोडपणारी. काय दिवस होते ते! तसा सोबती त्याला पुन्हा मिळाला नाही. एकदा मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा ती अर्धा तास दगडासारखी बसली. साहेबांनी पाठ थोपटली, त्याची. परेड सुटल्यावर दिसलं, पंजात काच रुतली होती आणि खाली रक्त साचलं होतं. जुन्या दिवसांत तो तासन्‌तास रमायचा, पण ही आठवण आली की वळसा घालून पुढे जायचा.

आज वळसा घालता आला नाही.

"लाइन तोड!" तो ओरडला आणि त्याने कोठीचं दार सताड उघडलं. कुत्री आत घुसली, गोधड्या ओढत बाहेर आली, पांढऱ्याशुभ्र अंगणाची पार जत्रा झाली. लॅब्रेडॉरला मात्र उठवेना. मुरलीधरने त्याला उचलून गोधडीवर ठेवलं आणि त्याचे पाय चोळत बसला. कुत्र्याने त्याची हनुवटी चाटली.

बऱ्याच वेळाने रसिकाने कागदावर एक रेघ मारली. मुरलीधर उठून जवळ आला. ‘प्राणी पाळणाघर-चालकाला घाबरतात का?’ या प्रश्नापुढे तिने ‘हो’ लिहिलं होतं, ते खोडलं होतं.

"खोडू नका, मॅडम."

"काका, हे राहिलं तर दोनच तारे येतील."

"अहो, काय बोलताय? सगळं जाईल!" विनया दारातून म्हणाली.

"तुम्ही आलात तेव्हा ते खरं होतं ना?" मुरलीधर लॅब्रेडॉरकडे बघत म्हणाला. "माझी पाठ थोपटून घ्यायला बसवलं त्यांना. आणि ती बसली."

रसिकाने मान खाली घालून पुन्हा ‘हो’ लिहिलं. दोन तारे. महिन्याभरात फेरतपासणी होईल, पण कधी ते सांगणार नाही, असं म्हणून ती गेली. तोवर रात्रीचा मुक्काम बंद.

दुपारभर मुरलीधरने एकेका मालकाला फोन करून कुत्रं घेऊन जायला सांगितलं. कुणी कारण विचारलं की तो सरळ सांगायचा, "कुत्री मला घाबरली होती." विनया शेजारी बसून एकेक नंबर लावून देत होती.

शेवटचा फोन लॅब्रेडॉरच्या मालकीणबाईंना, गिरिजाताईंना. त्यांनीही कारण विचारलं, त्याने तेच सांगितलं.

"तुम्हाला?" गिरिजाताई हसल्याच. "अहो, तुमच्या गल्लीचं वळण आलं की गाडीत शेपटी आपटायला लागतो तो. आम्हाला दार उघडायची फुरसत देत नाही."

मुरलीधरने फोन विनयाच्या हातात दिला आणि तो लॅब्रेडॉरच्या गोधडीवर जाऊन बसला.